नसलेल्या निकालाची देवाणघेवाण

विधी महाविद्यालयाच्या ग्रंथपालबाई नव्या मुलांना कोर्टाचे जुने निकाल कसे शोधायचे ते शिकवत. त्यासाठी त्यांनी एक खास प्रश्न रचला होता : ‘जो पाणी घालतो, झाड त्याचं, असा निकाल कोणत्या खंडात आहे?’ असा निकाल कुठेच नव्हता. बाईंनी तो भाजी चिरता चिरता डोक्यातून काढला होता. मुलांनी कपाटं धुंडाळावीत आणि शेवटी सरळ ‘सापडला नाही’ असं लिहावं, एवढंच त्यांना हवं होतं. भावी वकिलांना हे दोन शब्द लिहिणं फार जड जातं, असा त्यांचा अनुभव होता.

पुढे ग्रंथपालांची साहित्य देवाणघेवाण समिती निघाली. प्रत्येकाने आपलं डोकं कशाला शिणवायचं, एकाने बनवावं आणि सगळ्यांनी वापरावं, असा उदात्त विचार. बाईंनी हौसेने आपला प्रश्न दिला, खाली उत्तरही दिलं. मुलांच्या हाती लागू नयेत म्हणून समितीने सगळी उत्तरं काढून टाकली. त्यामुळे ती ग्रंथपालांच्याही हाती लागली नाहीत, हे ओघानेच आलं.

पहिल्या ग्रंथपालांना निकाल सापडेना. पण तसं समितीला कळवायचं म्हणजे चारचौघांत नाक कापून घेणंच की! त्यांनी अंदाजाने खंड आणि पान घातलं. दुसऱ्यांनी त्या पानाच्या भरवशावर सारांश लिहिला. तिसऱ्या बाई भलत्याच चिकित्सक. त्यांनी आधीच्या दोघांना फोन करून खात्री करून घेतली आणि मगच तळटीप दिली. बघता बघता निकाल पाठ्यपुस्तकात गेला. आपल्या ग्रंथपालबाईंनी हरकत घेतली, तेव्हा ‘सूचना स्तुत्य आहे, साहित्य वाटून झाल्यावर विचार करू’ असं उत्तर आलं.

समितीच्या बैठकांपायी बाई सारख्या बाहेरगावी. घराच्या सामाईक अंगणात त्यांच्या वडिलांनी लावलेलं लिंबाचं झाड होतं. वडील गेल्यापासून बाईंचा त्या झाडावर भारी जीव. शेजारचे निवृत्त काका उन्हाळाभर त्याला पाणी घालत होते. किती भला माणूस, असं बाईंना वाटे. उन्हाळा संपताच काकांनी झाडावर दावा ठोकला.

काकांचा वकील बाईंचाच जुना विद्यार्थी. त्याने कोर्टात तो निकाल खंड-पानासकट धडाधड म्हणून दाखवला.

बाई ताडकन उठल्या. “साहेब, असा निकालच नाही! तो मी रचलाय!”

“निकाल रचला गेला, हे तुम्हाला मान्य आहे तर,” न्यायाधीश लिहून घेत म्हणाले.

“अहो, निदान तो खंड तरी उघडून बघा!”

“बाई, एवढ्या ग्रंथपालांनी दाखला दिलाय. आता खंड उघडणं म्हणजे त्यांच्यावर अविश्वास दाखवणं. बरं दिसतं का ते?”

“बस गं खाली,” मागून नवरा कुजबुजला. “झाड गेलं तर गेलं, तुझं नाव तरी झालं!”

झाड काकांना मिळालं. बाई घरी येऊन ढसाढसा रडल्या. काकांनी सांत्वनाला चार लिंबं पाठवली. समितीनेही सर्वाधिक वापरलेल्या साहित्याबद्दल बाईंना अध्यक्ष केलं. झाड तर गेलंच होतं, निदान खुर्ची तरी का सोडा, म्हणून बाईंनी ती घेतली.

नव्या वर्षी प्रश्न तोच होता. साऱ्या वर्गाने खंड आणि पान बिनचूक लिहिलं. एकाच मुलीने लिहिलं, ‘सगळी कपाटं पाहिली. सापडला नाही.’ बाईंचा ऊर भरून आला. अशाच एखाद्या मुलीसाठी तर त्यांनी सारा खटाटोप मांडला होता. मग त्यांनी समितीची, म्हणजे स्वतःच्याच सहीची, उत्तरसूची पाहिली आणि तिला शून्य दिलं.

मुलगी विचारायला आली. “मॅडम, तुम्हाला तरी सापडला का तो?”

“सगळ्यांना सापडलाय,” बाई कडाडल्या. “तुला एकटीलाच बरा सापडत नाही!”

वाचून तुम्हाला बाईंचा संताप आला असेल, तर ही हकिगत जरूर चार जणांना पाठवा. खरी की खोटी, ते कुणी विचारणार नाही. तुम्ही तरी कुठे विचारलंत?