निर्दोष नसल्याचा दाखला

पुतणीच्या लग्नाआधी घरात एक हिरा यावा, असा ठराव रविवारी सकाळी चहाच्या टेबलावर एकमताने मंजूर झाला. एकमत बायकोचे होते. नवऱ्याने फक्त आपली उपस्थिती नोंदवली. नवरा कचेरीत आवक-जावक विभागाचा प्रमुख. तिथे सगळे त्यांना पोचसाहेब म्हणत, कारण पोच घेतल्या-दिल्याशिवाय ते कुणाचा नमस्कारही स्वीकारत नसत.

इतक्या वर्षांच्या संसारात बायकोने स्वतःसाठी म्हणून पहिल्यांदाच काही मागितले होते. घरच्या प्रत्येक समारंभात थोरल्या जाऊबाईंच्या बोटातला हिरा लकलकायचा आणि ही आपला हात मांडीवरच्या पर्सखाली सरकवायची. एका तरी लग्नात हात उघडा ठेवून बसायचे, एवढीच तिची हौस. पोचसाहेबांना ती मनापासून पटली. बायकोवर त्यांचा जीव होता. त्याची लेखी नोंद मात्र कुठे नव्हती.

दुकानात त्यांना ‘प्रथम खरेदीदार मार्गदर्शन कक्षा’त बसवण्यात आले. टाय लावलेल्या सल्लागाराने काळ्या मखमलीवर दोन हिरे मांडले.

“डावीकडचा कारखान्यात तयार झालाय. एकही दोष नाही,” तो म्हणाला. “त्यामुळे स्वस्त.”

“आणि उजवीकडचा?”

“जमिनीतून निघालेला. यात दोष आहे.”

“त्यामुळे महाग?”

“सर, तुम्ही फार लवकर शिकताय.”

पोचसाहेबांनी भिंग डोळ्याला लावले. त्यांना स्वतःच्या पापण्या दिसल्या. “मला काहीच दिसत नाही हो.”

“अभिनंदन! दोष सहज दिसला असता तर माल हलका. नसताच तर मला संशय आला असता. असतो पण सापडत नाही, ती उत्तम प्रत.”

“पण मग तो आहे, हे कशावरून?”

सल्लागाराने अदबीने दाखला पुढे केला. त्यात हिऱ्याचा नकाशा होता आणि नकाशात दोषाच्या जागी लाल ठिपका. खाली सही, वर शिक्का. पोचसाहेबांचे डोळे पाणावले. आजवर त्यांनी अनेक माणसांचे दोष पाहिले होते, पण एकाचीही नोंद इतकी व्यवस्थित नव्हती.

“अहो, मला तो डावीकडचा जास्त छान वाटतोय,” बायको हळूच म्हणाली.

“मॅडम, पहिल्यांदा घेणारे हीच चूक करतात,” सल्लागार सहानुभूतीने म्हणाला. “हिऱ्याकडे बघतात.”

उजवीकडचा हिरा अंगठीत बसून घरी आला. चार दिवस बायको भांडी घासतानाही गुणगुणत होती. मग थोरल्या जाऊबाई बघायला आल्या. त्यांनी अंगठी उजेडात फिरवली, भिंग मागून घेतले आणि बराच वेळ श्वास रोखून पाहिले.

“दोष कुठाय गं यात?”

“आहे ना, ताई. दाखल्यात दाखवलाय.”

“दाखल्यात काय, कुणीही दाखवेल. माझ्या हिऱ्यात दोन आहेत, दोन्ही स्वच्छ दिसतात,” जाऊबाई म्हणाल्या आणि चहा न घेताच गेल्या.

संशयाने पोचसाहेबांची अन्नावरची वासना उडाली. दुसऱ्याच दिवशी अंगठी घेऊन दोघे स्वतंत्र परीक्षकाकडे गेले. परीक्षकाने सूक्ष्मदर्शकातून मान वर केली. “हिरा अस्सल आहे. दोषही असणारच. पण तो हिरा धरून ठेवणाऱ्या कोंदणाच्या काट्याखाली झाकला गेलाय. अंगठीत आहे तोवर सिद्ध होणार नाही.”

“म्हणजे घातला की खोटा?”

“खोटा नाही. असिद्ध.”

हे जास्त वाईट होते. खोट्याविरुद्ध निदान तक्रार करता येते. पोचसाहेबांनी तिथल्या तिथे हिरा अंगठीतून काढायला सांगितला. काटा हटताच दोष सापडला. नकाशात होता तिथेच, जागचा हललेला नव्हता. पोचसाहेबांनी परीक्षकाला मिठी मारली. हिरा पारदर्शक डबीत घालून मोहोरबंद करण्यात आला. मोहोर तुटली की दाखला रद्द.

“मग घालायचा कधी?” बायकोने विचारले.

“घातलेल्या हिऱ्याची प्रत कोण ठरवणार, मॅडम?” परीक्षक म्हणाला.

“अगं, आपण काय घालायला घेतलाय? चांगल्या प्रतीचा म्हणून घेतलाय ना?” पोचसाहेबांनी तिची समजूत घातली. इतकी उत्तम प्रत घरात ठेवणे धोक्याचे, म्हणून डबी बँकेच्या लॉकरमध्ये गेली.

लग्नाला मात्र ते रिकाम्या हाताने गेले नाहीत. दोषाचा रंगीत फोटो त्यांनी खिडकीएवढा मोठा करून घेतला होता. तो लग्नाच्या दालनाच्या दाराशी भिंतीवर लावला, शेजारी दाखला. पाहुणे वधूवरांना भेटण्याआधी तिथे थांबत होते. कोणाला त्यात ढग दिसला, कोणाला पंख. थोरल्या जाऊबाई चष्मा लावून पुढे झाल्या, मागे सरल्या आणि सर्वांसमक्ष म्हणाल्या, “दोष सुरेख आहे हं.” घराण्यात याहून मोठा मान नव्हता.

बायकोच्या बोटात तीच अंगठी होती. चार काटे, मध्ये काही नाही. पुतणीला जवळ घेताना त्यातला एक तिच्या केसांत अडकला, तेवढाच अंगठीचा उपयोग झाला.

परतताना ती खिडकीबाहेर बघत म्हणाली, “सगळे भिंतीकडे बघत होते. माझ्या हाताकडे एकानंही बघितलं नाही. मला फार वाईट वाटलं.”

पोचसाहेबांना गलबलून आले. त्यांनी ताबडतोब बँकेत वेळ मागितली.

शनिवारी लॉकरच्या खोलीत बरीच गर्दी होती. प्रत्येक बाईच्या हातात एक मोहोरबंद डबी. बायकोने रिकामी अंगठी बोटात घातली, काट्यांवर डबी तोलून धरली आणि हात दिव्याखाली नेला. मनगट थोडे वळवले. डबीतून एक तिरीप निघाली, तशी ती खुदकन हसली. शेजारच्या अनोळखी बाई भिंग न मागता म्हणाल्या, “किती छान दिसतोय तुमच्या हाताला!” मग त्यांनी आपलाही हात पुढे केला. दोघी एकमेकींचे हात बघत राहिल्या, तोवर वेळ संपल्याचे सांगायला कारकून आला. बायकोने डबी परत केली. पोचसाहेबांनी पोच घेतली.

बाहेरच्या बाकावर आपापल्या घरच्या माणसाची वाट बघणारे पुष्कळ जण होते. त्यांत तुम्हीही होतात. ओळख दाखवली नाहीत, त्याचे काही नाही. पण आत तुमच्या घरचीही दिव्याखाली हात धरून उभी होती, एकदा दाराकडेही तिने पाहिले, आणि तुम्ही सगळी कागदपत्रे नीट आहेत ना, ते तपासत होतात.