ब्रिजितमावशीनं राखून ठेवलेलं पाप

ब्रिजितमावशी मच्याडो मंगळवारी वारली, आणि कुमसार न करताच गेल्यामुळे शनिवारी चार वाजता चर्चमध्ये रांगेत येऊन उभी राहिली. कुमसार म्हणजे फादरांपुढे पापांची कबुली. वसईकडच्या आमच्या गावात क्षमा न मिळालेल्या मेलेल्याला पुरत नाहीत. त्यानं जिवंतांच्या मागे रांग धरायची, सगळं सांगायचं आणि क्षमा मिळाली की तिथंच आडवं व्हायचं. पुढचं माझ्याकडे. गावचे खड्डे मी खणतो.

अडचण एकच. मेलेल्या माणसाला हळू बोलता येत नाही, त्याचा आवाज चर्चभर जातो. त्यामुळे आमच्याकडचे नवरे कुमसार वेळच्या वेळी करून घेतात.

मावशी गावची सुईण. अडल्या वेळी बाप्तिस्म्याचं पाणी सुईणीनं घातलं तरी चालतं, पण बाळात धुगधुगी हवी. मेलेलं जन्मलं तर त्याला दफनभूमीच्या भिंतीबाहेर पुरायची रीत होती. मावशीच्या हातून अशी एकोणीस बाळं आली. एकोणीस आयांना तिनं सांगितलं, "एक श्वास घेतला गं त्यानं. मी पाणी घातलं." ती सगळी बाळं भिंतीच्या आत आहेत. श्वास एकानंही घेतला नव्हता, हे तिला ठाऊक होतं आणि गाठोडं माझ्या हातात यायचं म्हणून मला.

जिवंतपणी हे पाप सांगितलं असतं तर पुन्हा करणार नाही असं वचन द्यावं लागलं असतं, आणि तिला तर पुन्हा करायचं होतं. म्हणून एवढं एक तिनं शेवटच्या कुमसारासाठी राखून ठेवलं. मरण मात्र विहिरीवर, घागर भरता भरता आलं.

"शेजारणीच्या कोंबडीला दगड मारला," तिनं त्या शनिवारी सांगितलं.

"आणखी काही?" फादर रेमंडनी विचारलं.

मावशीनं मागे बघितलं. बाकांवर त्या आयांपैकी सहाजणी होत्या.

"आठवत नाही, फादर."

फादरांनी क्षमा दिली. मावशी उभीच राहिली. फादरांनी वहीत 'अपूर्ण' असं लिहिलं.

असं अकरा वर्षं चाललं. एकदा मी म्हटलं, "मावशी, सांगून मोकळी हो. किती दिवस अशी ताटकळशील?"

"त्यांतली शेवटची जाईपर्यंत. मला आता कुठं पाय दुखतात?"

मी पुष्कळ माणसं पुरली. अशी बाई बघितली नाही.

आया एकेक करून गेल्या. उरली आग्नेसबाई तुस्कानो, वय ब्याण्णव. तीही एका दुपारी झोपेतच गेली, कुमसाराविना. शनिवारी मावशीनं तिला आपल्या पुढे उभं केलं. वयाचा मान.

"फादर," आग्नेसबाईचा आवाज चर्चभर गेला, "माझं बाळ आठ दिवस पोटात हललं नव्हतं. गेलंय हे मला माहीत होतं. तरी ब्रिजितला मी खोटं बोलू दिलं. मला ते ऐकायचं होतं."

क्षमा मिळताच ती आडवी झाली. मी तिला बाजूला घेतलं.

मावशी पुढे झाली. "एकोणीस वेळा, फादर. सगळ्यांना तेच सांगितलं."

"पश्चात्ताप होतो?"

तिनं आडव्या झालेल्या आग्नेसबाईकडे बघितलं. "होतो. इतकी वर्षं बाकावर शेजारी बसून मी आग्नेसला एकदाही बाळाचं नाव विचारलं नाही, याचा होतो."

पश्चात्ताप नेमका कशाचा हवा, हे फादरांनी नियमांत शोधलं. तसं काही लिहिलेलं नव्हतं. त्यांनी क्षमा दिली, आणि ब्रिजितमावशी आग्नेसबाईला खेटून आडवी झाली.

सोमवारी मी दोघींसाठी मिळून एकच खड्डा खणला.