उकंडरावांची शहाबादी फरशी

उकंडरावांच्या परसबागेत फरशी बसली आणि सारं हट्टा गाव मागच्या दाराने येऊन ती बघून गेलं. तहसीलदारांच्या बंगल्याखेरीज अशी गुळगुळीत शहाबादी कुणी कुठे पाहिली नव्हती. पण उकंडरावांनी ती मिरवायला घातली नव्हती. मागच्या पावसाळ्यात न्हाणीच्या वाटेवर चिखलात घसरून त्यांच्या बायकोने, द्वारकाबाईंनी, हात मोडून घेतला होता. आता लेक सुमन पहिल्या बाळंतपणाला येणार होती. याच वाटेवर तिचा पाय घसरला तर? या विचाराने बिचाऱ्यांची झोप उडाली होती.

"चला, आता नारळ फोडू," उकंडराव म्हणाले. "खाजाभाई, काम तुमचं, मान तुमचा."

फरशीचं काम घेतलेला खाजा मिया गुत्तेदार स्वभावाने गरीब, पण अंगाने पैलवान. "न्हाई मालक, मान तुमचा," असं त्याने परोपरीने सांगून पाहिलं. उकंडराव ऐकतील तर शपथ! शेवटी त्याने बाह्या सरसावल्या आणि नारळ असा आपटला की बघणाऱ्यांनी डोळेच मिटून घेतले. उघडून पाहतात तो नारळ शाबूत आणि फरशी उभी चिरलेली.

"नारळ चांगला निघाला," द्वारकाबाई म्हणाल्या.

"मालक, घाबरू नका. आत्ता बदलून देतो," म्हणत खाजा मियाने पहार घातली. चुना ओलाच होता. चिरलेली फरशी निघाली, पण येताना शेजारच्या फरशीचा कोपरा घेऊन आली. मग घरी ठेवलेल्या जादा फरश्या आणायला तो धावला, आणि मालकाला तकलीफ नको म्हणून भरली गाडी थेट परसातच घातली. बैलांना मेथीचा वाफा दिसला. पुढे त्यांना कुणाचंच ऐकू येईना. चाकं फरशीवर चढली, गाडी कलंडली, आणि जादाचा माल चांगल्या मालावर कोसळला.

"मागं घ्या! मागं घ्या!" उकंडराव किंचाळले.

खाजा मियाने आज्ञा पाळली. पहिल्या खेपेला जे वाचलं होतं, ते मागे घेताना फुटलं. न्हाणीच्या दाराशी तेवढी एक फरशी धड राहिली.

उकंडराव मटकन खाली बसले. "सोमवारी पोरगी येऊन राहिली. नवी फरशी रेल्वेनं यायला पंधरवडा लागतोय. लेकराला आता कुठून चालवू?"

खाजा मियाचा चेहरा पडला. "मालक, मला बी लेकी हायेत," एवढंच तो म्हणाला आणि कामाला लागला. तुकडा न् तुकडा जुळवून त्याने चुन्यात बसवला आणि सांधे दाबून भरले. वाट गोधडीसारखी ठिगळाठिगळांची झाली. ती दिसली की उकंडराव तोंड फिरवत. उरलेल्या एका फरशीवर मात्र त्यांचा जीव जडला. तिला ते धोतराच्या सोग्याने रोज पुसून लखलखीत करत.

सोमवारी सुमन आली. दुसऱ्या दिवशी सकाळी न्हाऊन ओल्या पायांनी ती दारातली फरशी ओलांडून त्या ठिगळांवर उतरली. उकंडरावांनी श्वास रोखला. तिचा पाय जरासुद्धा सरकला नाही. खडबडीत तुकड्यांवर ती दणादणा पावलं टाकत ओसरीवर आली.

"बाबा, किती बेस वाट केली हो! पाय कसा घट्ट बसतोय!"

उकंडरावांचे डोळे भरून आले. मेथीचा वाफा सारखा करायला खाजा मिया तिथेच आला होता. "खाजाभाई, तुमचे लई उपकार झाले," त्याचे दोन्ही हात धरून ते म्हणाले. "तुमी फोडली म्हणून माझी लेक बराबर चालली. त्या गुळगुळीतवर काय झालं असतं, कोन जाणे!" आणि आनंदाच्या भरात अंघोळीला जायला वळले.

न्हाणीच्या दाराशी त्या लखलखीत फरशीवर सुमनच्या अंघोळीचं पाणी होतं. उकंडरावांचे दोन्ही पाय एकदम आभाळाकडे गेले आणि ते मेथीत जाऊन पडले.

"लागलं का हो?" द्वारकाबाई धावल्या.

"लागलं न्हाई," उकंडराव मेथीतूनच म्हणाले. "पन खाजाभाई, ही येवढी एक काहून सोडली?"

खाजा मियाने खुरपं खाली ठेवलं. तो घण आणायला गेला.