सगळ्यात ज्युनियरने आधी बोलायचं

"सगळ्यात ज्युनियर आधी बोलेल!" असं गरजून जगदाळे सरांनी माझ्या चौऱ्याहत्तर वर्षांच्या सासूबाईंकडे बोट दाखवलं, तेव्हाच मी ओळखलं, आज घरी बायकोपुढे माझी काही खैर नाही.

विषय काय, तर शनिवारी मिसळ करायची की बिर्याणी मागवायची! अबूधाबीच्या मोहम्मद बिन झायद सिटीतल्या आमच्या व्हिलात चार मराठी बिऱ्हाडं. सर वरच्या मजल्यावर मुलाकडे राहतात. ते बी.एड. कॉलेजचे निवृत्त प्राचार्य. पण साधंसुधं बी.एड. नव्हे हो, सैनिकी! सकाळी कवायत आणि रायफल, दुपारी फळा आणि खडू.

"ज्युनियर कुणाला म्हणता हो?" सासूबाई कडाडल्या.

"सीनियॉरिटी वयावर नसते, मॅडम. रुजू झाल्याच्या तारखेवर असते. तुम्ही अबूधाबीत येऊन चार दिवस झाले. बोला!"

या नियमामागे इतिहास होता. "एकदा मी आधी बोललो," सर सांगायचे. "मे महिन्यात दुपारी बाराला परेड! सगळे म्हणाले, येस सर. अकरा भावी शिक्षक चक्कर येऊन आडवे! तेव्हापासून ज्युनियर आधी, प्राचार्य शेवटी. खलास!"

गेल्या महिन्यात त्यांच्या नितीनला दुबई सिलिकॉन ओएसिसमध्ये नोकरी लागली. तिकडे घर लहान मिळणार, एवढं सरांच्या कानावर पडलं आणि त्यांनी बैठक लावली. इतिवृत्त लिहायला मी. जिन्यातच ते मला हळूच म्हणाले, "शेवटी मी सांगणार, मी गावी जातो. पोरांना अडचण नको."

"गावी आहे कोण, सर?"

"कुलूप आहे की!"

मला हसू येईना.

हॉलमध्ये नितीन, सायलीवहिनी आणि आठ वर्षांची ईरा बसली होती. सर ताठ उभे राहिले. "विषय, घरबदल. सगळ्यात ज्युनियर, ईरा. बोल!"

"नो, आजोबा. आय वॉज बॉर्न हिअर. यू केम लास्ट इयर." ईराने बोट रोखलं. "यू आर द ज्युनियर!"

नितीन फिस्सकन हसला. "बरोबर आहे, बाबा. नियम तुमचाच. बोला!"

सर गडबडले. जन्मभर सगळ्यांचं ऐकून मग बोलणारा माणूस, त्यांना आधी कुणाच्या तोंडाकडे बघावं कळेना. ठरवून आणलेलं वाक्य काही बाहेर येईना. शेवटी खाली बघत ते म्हणाले, "मला तुमच्यातच राहायचंय रे."

सायलीवहिनींनी डोळ्यांना पदर लावला. "अहो बाबा, मग आम्ही दुसरं काय ठरवलंय? घर लहान आहे, पण खिडकीजवळची खोली तुमची आणि ईराची."

"आय गेट द टॉप बंक," ईराने दुमजली पलंगाची वरची जागा पटकावली.

नितीनने मान हलवली. ठराव पास झाला.

सर मटकन खुर्चीत बसले. मग मला म्हणाले, "इतिवृत्त वाचा."

मी वाचलं, "आजोबा आपल्याबरोबर येणार."

"पुन्हा वाचा."

मी पुन्हा वाचलं. त्यांनी सांगितलं असतं, तर दिवसभर वाचत बसलो असतो.