लांब पायाची मोटर

सगळं त्या शाईच्या पॅडवरून सुरू झालं. मत्स्य खात्याच्या साहेबांनी मला काही न विचारता तो पॅड माझ्यापुढं सरकवला नसता, तर माझा बोटीशी संबंध आला नसता आणि माझी अब्रू दोन्ही काठांवर शाबूत राहिली असती.

धरणाचं पाणी चढून आमची शेतं बुडाली त्याला दोन वर्षं झाली होती. ज्यांच्या जमिनी गेल्या त्यांनी आता मासे धरावेत, असं सरकारनं ठरवलं. (जन्मभर ज्वारी पेरलेल्या माणसाला मासा कुठल्या टोकाला धरायचा हेही ठाऊक नसतं. पण सरकारला ज्वारी काय नि मासा काय, दोन्ही कागदावरच दिसतात.) पंधरा दिवसांचं शिबिर होतं. विद्यार्थी अकरा, त्यात बाई मी एकटी. वय पन्नाशीच्या पुढं, नातवंडं दोन, आणि हजेरीपटात नाव लागायची आयुष्यातली पहिली वेळ.

साहेबांनी पॅड सरकवला. मी तो परत सरकवला, त्यांच्याच खिशातला पेन मागून घेतला आणि सही ठोकली. 'भागाबाई माणिकराव', खाली आडवी रेघ, रेघेखाली दोन टिंबं. टिंबं अशासाठी, की नंतर कुणी मध्ये काही घुसडू नये. मला अक्षरं कुठल्या मास्तरानं शिकवली नाहीत. मराठी मी किराणा सामानाच्या पुड्यांचे कागद वाचून शिकले आणि कन्नड बसच्या पाट्यांवरून. (त्यामुळं हुमनाबाद, चिटगुप्पा, औराद मी धडाधड वाचते. त्या गावांत काय घडलं, हे सांगणारी वाक्यं मात्र अजून अडतात.)

साहेब मंगळूरकडचे, समुद्रावर वाढलेले. हसून म्हणाले, "अक्का, बॅचच्या मॉनिटर तुम्हीच."

"मॉनिटर म्हंजी?" चनमल्लप्पानं विचारलं. हा आमचा बांधाला बांध लागलेला शेजारी आणि गावचा किराणा दुकानदार. ज्या पुड्या वाचून मी शिकले त्या याच्याच दुकानच्या, आणि हा उपकार त्यानं मला मोजून रोज एकदा ऐकवलेला आहे.

"म्हंजी बोट आन् मोटर कंची घ्यायची ते म्या ठरवणार," मी सांगून टाकलं. साहेब असं काही म्हणाले नव्हते. पण नाही असंही म्हणाले नाहीत.

नियमाचा मराठीतला कागद मीच वर्गाला मोठ्यानं वाचून दाखवला. शिबिराच्या शेवटी परीक्षा. साहेबांना बोटीत बसवून आमच्या काठावरून धरणाच्या भिंतीजवळच्या शेडपर्यंत जायचं आणि दोन तासांच्या आत बोट परत आणायची. जमलं तर बोट आणि मोटर आमच्या अकरा घरांची. नाही जमलं तर दोन्ही पलीकडच्या काठाच्या बॅचला. अकरा घरांना तेव्हा दुसऱ्याच्या रानात खुरपायला जाण्यावाचून दुसरं काही उरलं नव्हतं. म्हणून वर्गात कुणी हसलं नाही.

बोट निवडायला आम्ही तिघं गुलबर्ग्याच्या गोदामात गेलो. मी, चनमल्लप्पा आणि आमचे हे, म्हणजे माणिकराव. (मी नवऱ्याचं नाव घेते. तीस वर्षं झाली, त्यांना काही झालेलं नाही.) यांना बोलायची सवय नाही. बोलले तर पाच शब्द, त्यातले दोन 'बरं' आणि 'हं'.

गोदामात तीन बोटी होत्या. एक लाकडी, एक पत्र्याची, एक फायबरची. चनमल्लप्पानं बाजारात बैल बघतात तशी बघायला सुरुवात केली. मागून गेला, पुढून आला, कुशीवर थाप मारली, खाली वाकून कुठं खोडीचा भोवरा आहे का ते पाहिलं.

"अंगानं बरी हाय," तो गोदामवाल्याला म्हणाला. "जरा चालवून दावा."

"अप्पा, इथं पाणी कुठनं आणू?"

"मंग आम्ही चाल कशी बघावी? दात बी न्हाईत हिला."

मी गोदामात मिळालेली पुस्तिका वाचत होते. पुस्तिका इंग्रजीत होती, पण चित्रं सगळ्या भाषांत असतात. आमचे हे तेवढ्यात तिन्ही बोटींत एकेकदा चढून बसले, डावीकडं कलले, उजवीकडं कलले, आणि फायबरच्या बोटीत बसूनच राहिले. "ही," म्हणाले. मीही नेमकी तीच निवडली. (थोडी नंतर.)

मग मोटर. गोदामवाल्यानं विचारलं, "लांब पायाची देऊ का आखूड पायाची?" मोटर बोटीच्या मागं अडकवतात आणि तिचा दांडा पाण्यात खाली लोंबतो, टोकाला पंखा असतो. त्या दांड्याला पाय म्हणतात.

"आखूड घे, भागा," हे म्हणाले. "आपला काय समुद्र हाय का? खाली रान हाय. झाडं हाईत, बांध हाईत."

"आवो, तीस हात पाणी हाय! आखूड पाय वरच्या वर लोंबकळंल."

"सगळीकडं तीस हात हाय का?"

मी पुस्तिकेचं पान उलटलं आणि म्हटलं, "लांबच द्या." मॉनिटर मी होते ना.

पण मोटर काय देखणी होती! निळी, गुळगुळीत, बसक्या म्हशीसारखी डौलदार. आमच्या घरात बुद्ध आणि बाबासाहेबांच्या फोटोखाली चांगलं पोतं अंथरून तिला उभी केली. चनमल्लप्पा विभूती घेऊन आला. मी म्हटलं, "हिला तेल लागतंय, विभूती लागत न्हाई." शेवटी तडजोड झाली. त्याच्या घराकडच्या बाजूला तीन पट्टे, माझ्या घराकडची बाजू स्वच्छ.

ती चालते का बघायला हवं होतं. पुस्तिकेत पाण्याबाहेरच्या मोटरीवर मोठी लाल फुली मारलेली होती, म्हणजे कोरडी चालवायची नाही, एवढं मला कळलं. मी ती म्हशीच्या हौदात अडकवली. अकरा घरं बघायला जमली. मी दोरी ओढली, तिसऱ्या झटक्याला मोटर सुरू झाली, आणि हौदातलं सगळं पाणी उठून चनमल्लप्पाच्या अंगावर गेलं. सगळं म्हणजे सगळं. तळाचं शेवाळसुद्धा. म्हैस दावं तोडून गेली ती दुसऱ्या दिवशी सापडली.

"चाल चांगली हाय," चनमल्लप्पा कपाळावरची ओली विभूती पुसत म्हणाला. खरंच चांगली होती. मी रात्रभर तिचा आवाज मनात वाजवत राहिले.

शिबिराच्या काठावर नागम्मा रोज दिसायची. ती नदीतली जुनी मासेवाली, धरणाच्या आधीपासूनची. तिच्याकडं हरगोल होतं, म्हणजे बांबूची मोठी गोल टोपली, खालून डांबर लावलेली. त्यात एका गुडघ्यावर बसून ती एकच वल्हं मारत अख्खं पाणी पालथं घालायची. तिचे हात बघत राहावेत असे होते. पण ती शिबिरात आली नव्हती.

"नाव घाल गं," मी तिला म्हणायची. "न्हाईतर टोपलीतच म्हातारी व्हशील."

"मला सही येत न्हाई, अक्का."

"मंग शीक! म्या कशी शिकले?"

"तू पुड्या वाचून शिकलीस. मासे कागदात बांधून येत न्हाईत मला." आणि वल्हं मारून निघून जायची.

परीक्षा वैशाखात आली. पाणी बरंच खाली गेलं होतं. साहेब मधल्या फळीवर हजेरीपट मांडीवर घेऊन बसले, चनमल्लप्पा पुढं, आमचे हे साहेबांशेजारी, मागं मोटरीची दांडी धरून मी. सगळं पाणी मोकळं, समोर धरणाची भिंत.

"सरळ घ्या," साहेब म्हणाले.

मी सरळ घेतली. शंभर हात गेलो नाही तोच पुढून आरडाओरडा.

"आगं आगं! माझ्या तुरीतून बोट घालायलीस व्हय?"

"तूर दोन वर्सांमागं बुडाली, अप्पा!"

"म्हनून काय तितनं वाट पडली का? गाडीवाटंनं घे!"

मी गाडीवाटेनंच घेतली. हसू नका. त्या वाटेवर झाडं नव्हती आणि वाटेच्या दोन्ही अंगांना बाभळी होत्या, टोकं पाण्याखाली लपवून उभ्या. लिंबापाशी डावीकडं, वीरण्णाच्या गोठ्यापाशी उजवीकडं, मग ओढ्याच्या उतारानं. साहेबांना यातलं काहीच दिसत नव्हतं. मोकळ्या पाण्यावर एक बाई बोट उगाच वळवत चालली होती.

"अक्का, कशासाठी वळता?"

"बाभळ हाय, साहेब."

त्यांनी वल्हं खाली घालून बघितलं. वल्हं फांद्यांत अडकलं. ते चकित झाले. "समुद्रावर आम्हाला नकाशा लागतो. तुमचा नकाशा डोक्यात आहे!" आणि त्यांनी वहीत काहीतरी लिहिलं.

इथंच माझं डोकं फिरलं. पाऊण तासात शेड गाठली. परत फिरलो तेव्हा मोटर गात होती, चनमल्लप्पासुद्धा मान डोलवत होता, आणि डावीकडं आमचं स्वतःचं रान आलं.

"हे आमचं चार एकर, साहेब," मी म्हणाले. "हितं कुणाला विचारायची गरज न्हाई. आता बगा सरळ!"

"भागा," आमचे हे म्हणाले, "हीर..."

पुढचं ऐकू आलं नाही, कारण मी मोटर पूर्ण वेगात सोडली होती. मग 'खाड्' झालं. बोट थांबली, साहेब चनमल्लप्पाच्या पाठीवर गेले, मोटर ओरडली आणि गप्प झाली. पंख्याची पिन तुटली होती आणि लांब पाय खाली कशात तरी घट्ट अडकला होता.

कशात, ते मला लगेच कळलं. आमच्या विहिरीवर पंपासाठी सिमेंटचा खांब होता. जमीन सोडताना सगळ्यांनी बांधकामं पाडून दगड नेले. मी पाडू दिला नव्हता. (चनमल्लप्पाच्या बापाच्या विहिरीवर माझ्या सासूला लांब उभं करून वरून पाणी ओतायचे. म्हणून मी सासरी आल्यावर पहिला हट्ट धरला तो स्वतःच्या विहिरीचा. ती मी पाडू?)

आमचे हे तोवर वल्हं पाण्यात सोडून खांबाची खोली बघत होते. वल्ह्यावर अंगठा धरला, वर काढलं, मोटरीच्या पायाशेजारी लावलं.  (दुसऱ्या दिवशी मी पोटभर जेवल्यावर बोलले: "आखूड असता तर वीतभर वरून गेला असता." माणसाला कधी बोलावं हे कळतं, याचं मला आजही कौतुक आहे.)

घड्याळात अर्धा तास उरला होता. मी तोंडापुढं हात धरून हाक मारली. "नागम्मा! ए नागम्मा!"

टोपली गिरक्या घेत आली. नागम्मानं बोटीकडं पाहिलं, मोटरीकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं. लुगडं खोचलं आणि बुडी मारली. बराच वेळ गेला. मी शंभर आकडे मोजले. मग बोट खालून हलली आणि ती वर आली.

"सुटलं. अक्का, खाली खांबावर कायतरी कोरल्यावानी..."

"शेवाळ असंल!" मी म्हणाले. "बोलू नगंस, वढ!"

तिनं दोरी कमरेला बांधली. आठ घोड्यांची मोटर, फायबरची बोट, सरकारी साहेब, एक दुकानदार, एक मॉनिटर आणि एक शहाणा माणूस, सगळं तिनं टोपलीच्या मागं ओढत आणलं. एका गुडघ्यावर, एका वल्ह्यानं, गाडीवाटेच्या एकूण एक वळणानं. मी आयुष्यात पुष्कळ माणसं पाहिली. असे खांदे पाहिले नाहीत. काठाला लागलो तेव्हा दोन तासांना चार मिनिटं कमी होती.

काठावर अकरा घरं उभी होती. साहेब खाली उतरले आणि मान हलवली. "अक्का, मोटर तर बंद..."

"साहेब, कागद काढा," मी म्हणाले. "वाचा. बोट परत आणायची, दोन तासांच्या आत. मोटरीनं आणायची असं लिवलंय का कुटं?"

त्यांनी कागद वाचला. परत वाचला. मग हसले. "लिहिलेलं नाही. पास. पण दोन अटी. लांब पाय बदलून आखूड घ्यायचा, आणि मोटरीची दांडी या बाईच्या हातात."

"मला सही येत न्हाई," नागम्मा म्हणाली.

"बोटीलाही येत नाही," साहेब म्हणाले.

अकरा घरांनी एकदम आवाज केला. मी डोळे पुसले. (ऊन होतं.) तिथंच संपायला हवं होतं. पण साहेब मोडतोडीचा अहवाल लिहायला बसले. "कारण काय लिहू? पाण्यातला अज्ञात अडथळा?"

"तेच लिवा," मी घाईनं म्हणाले.

"अज्ञात कामून?" नागम्मा म्हणाली. "खांब हाय, साहेब. त्यावर कोरलंय. म्या हातानं चाचपलं." आणि तिनं ओलं बोट घेऊन बोटीच्या फळीवर काढून दाखवलं. अक्षरं तिला जमली नाहीत, नुसती वेटोळी निघाली. पण त्यांच्याखाली तिनं एक आडवी रेघ ओढली आणि रेघेखाली दोन टिंबं दिली.

आमचे हे आभाळाकडं बघू लागले. साहेबांनी शांतपणे हजेरीपट उघडला, पहिलं पान काढलं आणि फळीशेजारी धरलं.

"जुळते," ते म्हणाले.

सिमेंट ओलं असताना मी खिळ्यानं केलेली ती माझ्या आयुष्यातली पहिली सही होती.

चनमल्लप्पा वाकून बघत म्हणाला, "वळण चांगलं हाय. कागद माझ्याच दुकानचे व्हते."

साहेबांनी अहवालात कारण लिहिलं, खाली माझं नाव घातलं आणि या वेळी अगदी अदबीनं स्वतःचा पेन माझ्यापुढं धरला. मी तो परत सरकवला.

"साहेब," मी म्हटलं, "तो शाईचा पॅड कुठाय? आज अंगठाच लावते."