एक घर, चार खाती

कॉम्प्युटरच्या पोटात बसून सगळा कारभार हाकणारा जो कर्नेल असतो ना, त्यावर मी बारा वर्षं काम करतोय. त्यामुळे आमचं घर कुठे चुकतंय हे मला कुणी शिकवायला नको! किल्ल्या, औषधं, पाना-पक्कड, सगळं एकट्या बायकोच्या डोक्यात. याला आम्ही मोनोलिथिक म्हणतो. कामं झटपट होतात, पण ती आजारी पडली की अख्खं घर आडवं.

सोमवारी दहाला तिची मुलाखत होती. आठ वर्षांनी पुन्हा नोकरी!

"तू निर्धास्त जा," मी म्हणालो. "घराचं मायक्रोकर्नेल करतो. ज्याचं त्याचं खातं वेगळं. दुसऱ्याच्या खात्यात कुणी हात घालायचा नाही. काही हवं तर चिठ्ठी लिहायची, ती मी पोचवणार. एक खातं बंद पडलं तरी घर चालू!"

दारं बाबांकडे, हत्यारं मुलीकडे, स्वयंपाकघर आईकडे, टपाल माझ्याकडे.

सोमवारी नऊला बाथरूमचं लॅच अडकलं. आत बायको!

"अहो, उघडा ना!"

मी चिठ्ठी घेऊन खाली बाबांकडे पळालो. बाबा रिटायर्ड हेडक्लार्क! त्यांनी ती दोनदा वाचली, वर तारीख घातली आणि मुलीकडे स्क्रू-ड्रायव्हर मागितला. मुलीचं उत्तर आलं, "चपटा की चौफुलीचा?" बाबांनी लिहिलं, "पाहणी करून कळवतो." जिन्यावर माझे सात हेलपाटे झाले. नऊ वीस!

"अरे, तूच का नाही उघडत?" आई ओरडली.

"माझं खातं टपालाचं गं!"

"बरं, चहा तयार आहे!"

बघा, स्वयंपाकघर सुरळीत चालू होतं! खोटं कशाला बोलू, मला क्षणभर अभिमानच वाटला.

तेवढ्यात बाथरूममधून आवाज कडाडला. "बाबा, वर या, हँडल उचलून धरा! चिमे, चपटा आण, खालचे दोन स्क्रू काढ! आई, माझी फाईल दारापाशी ठेवा! आणि तुम्ही... तुम्ही फक्त बाजूला व्हा!"

दोन मिनिटांत दार उघडलं. ओल्या केसांनीच ती रिक्षात बसली. दिवसभर मी घड्याळ बघत होतो. माझ्या शहाणपणापायी तिची नोकरी हुकली तर?

संध्याकाळी ती हसतच आली. "झालं काम! अचानक अडचण आली तर काय करता, असं विचारलं. मी सकाळचंच सांगितलं."

"सगळं?"

"नाव नाही सांगितलं हो तुमचं."

मी हळूच विचारलं, "मग आता माझ्याकडे कुठलं खातं?"

"बाथरूमचं लॅच. दर रविवारी तेल घालायचं. चिठ्ठीची वाट न बघता!"