सातशे पन्नास मिली, सीलबंद

देवराम लाख वितळवत होता, म्हणून सकुबाईचा चहा अडला होता. शेगडीवर चहाच्या पातेल्याऐवजी जुनी पळी होती आणि पळीत लाल लाख फुगत होती.

"अवो, बाटलीच हाय ती. बूच दाबून लावलं की झालं," सकुबाई म्हणाली.

"आदेशनं काय धाडलंय ते वाच मोबाइलमदी. प्रत्येक प्रवाशाला वाइनची एक बाटली, सातशे पन्नास मिलीपर्यंत, सीलबंद. बूच लावलेली, असं लिवलंय का कुठं?"

आदेश हा त्यांचा मुलगा. मुंबईहून सुटणाऱ्या एका मोठ्या क्रूझ जहाजावर तो जेवणघरात वाढपी होता. नऊ महिने तो घरी आला नव्हता. कर्मचाऱ्यांच्या आईवडिलांना वर्षातून एकदा पाच दिवसांची सफर फुकट मिळते, ती त्याने मिळवली होती. आणि सकुबाईने ठरवलं होतं की, जाताना जांभळाची वाइन न्यायचीच. घरामागची जांभळी आदेशने चौथीत असताना लावली होती. यंदा जेठात ती पहिल्यांदा फळली. वाइन करायची कृती सकुबाई मुरबाडकडच्या माहेराहून, आपल्या आईकडून, शिकून आली होती. एका झाडाची एकच बाटली निघाली आणि ती ज्याचं झाड त्याने चाखायची होती. आदेशला गोड लागतं म्हणून चार दिवसांपूर्वी तिने त्यात गुळाचा खडाही टाकला होता.

"गूळ टाकलाय. जीव हाय त्यात अजून. जरा श्वास घ्याया जागा ठेवा," ती म्हणाली.

"सीलबंद म्हंजे सीलबंद," देवराम म्हणाला.

या विषयात त्याच्याशी वाद घालण्यात अर्थ नव्हता. देवराम शहापूरच्या तहसील कार्यालयात चौतीस वर्षं शिपाई होता. निवडणूक आली की मतपेट्यांच्या खोलीचं कुलूप फडक्यात गुंडाळून, सुतळीने बांधून त्यावर लाखेचं सील करायचं काम त्याचं. तहसीलदार बदलत, सील करणारा बदलत नसे. अकरा निवडणुकांत त्याचं एकही सील तडकलं नव्हतं. सकुबाई त्याच्या पुष्कळ गोष्टींवर वैतागे. पण गाठ मारताना त्याची बोटं चालू लागली की हातातलं काम सोडून बघत राही.

सील म्हटलं की पंच आले. शेजारचे भगीरथ आणि किशोर, दोघांना बोलावणं गेलं.

"सही करतो रे," भगीरथ म्हणाला, "पण आत काय हाय ते पंचाला म्हाईत नको? उद्या कोणी विचारलं तर?"

मुद्दा कायद्याचा होता. दोघा पंचांनी अर्धा अर्धा कप तपासला. किशोरची खात्री पटायला आणखी थोडी लागली. मग बाटली सातशे पन्नासवरून खाली आली, म्हणून सकुबाईने बरणीच्या तळाशी राहिलेला गाळीव रस ओतून ती पुन्हा खुणेपर्यंत भरली.

"वयनी," कप ठेवत भगीरथ म्हणाला, "आमचं हे तपासणं झालं, पण पिताना पयली धार कुठं सोडणार गो? बोटीवर भुई कुठं हाय?"

पहिले थेंब भुईला दिल्याशिवाय सकुबाईच्या माहेरी कोणी ओठाला कप लावत नसे.

"समुद्राला सोडीन," ती म्हणाली.

"समुद्र तो समुद्र, भुई ती भुई."

तोवर देवरामने बाटलीच्या तोंडावर दुहेरी फडकं बसवलं होतं. सुतळीचे सहा वेढे, दोन आडव्या गाठी, वर लाख. ऑफिसचा पितळी शिक्का निवृत्तीच्या दिवशीच परत केलेला, म्हणून त्याने जुनं रुपयाचं नाणं दाबलं. लाखेवर तीन सिंह स्वच्छ उठले. खाली चिठ्ठी बांधली: तारीख, वेळ, माल, माप, पंचांच्या सह्या.

बंदरावर सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी ही बाटली तपासणीच्या यंत्रातून बाहेर आली आणि पट्टा थांबला. तरुण रक्षकाने लाख पाहिली, सिंह पाहिले, चिठ्ठीवरचा 'पंच' हा शब्द वाचला आणि हात मागे घेतला.

"काका, हा कोर्टाचा मुद्देमाल आहे का?"

"वाइन हाय. जांभळाची."

"मग सील कोणी केलं?"

"मीच."

"तुम्ही कोण?"

"प्रवासी," देवराम म्हणाला.

रक्षकाने वॉकीटॉकीवर सांगितलं की, सरकारी सील असलेली एक बाटली आली आहे आणि ती आणणारा माणूस काही कबूल करत नाही. पाच मिनिटांत तिथे तिघे जमले. मागे रांग दाराबाहेर गेली. एका बाईने दुसरीला सांगितलं की, पुढे कोणी मंत्री चढताहेत. दुसरीने केस सारखे केले.

शेवटी जहाजाचे मुख्य सुरक्षा अधिकारी स्वतः आले. पांढराशुभ्र गणवेश, नौदलातली पंचवीस वर्षं. त्यांनी बाटली हातात घेतली, उलटी केली, सुतळीखाली नख घालून पाहिलं. नख शिरेना. लाखेची कड त्यांनी उजेडात धरली.

"हे कुठे शिकलात?"

"शहापूर तहसील, साहेब."

"माझ्या लोकांना गेली तीन वर्षं मी हे शिकवतोय," साहेब म्हणाले आणि त्यांनी तिघांकडे असं पाहिलं की, तिघांनी पायांकडे पाहिलं. मग त्यांचा आवाज खाली आला. "पण काका, नियमातलं सील म्हणजे कारखान्याचं. घरची वाइन वर नेता येत नाही. खरं तर अशी बाटली आम्ही ओतून टाकतो."

सकुबाई पुढे झाली. "साहेब, पोराच्या झाडाची हाय. पयल्या फळाची."

साहेबांनी पुन्हा सीलकडे पाहिलं. "हे तोडायला माझा हात व्हायचा नाही. बाटली आमच्या कपाटात राहील, शेवटच्या दिवशी उतरताना परत मिळेल."

"पावती द्या," देवराम म्हणाला. "आन सील रोज बगाया मिळालं पायजे."

पाच दिवस जहाजावर लोक पोहले, नाचले, मावळत्या सूर्याबरोबर फोटो काढले. देवराम रोज सकाळी नऊला पाचव्या मजल्यावर सील बघायला गेला. दुसऱ्या दिवशी तरुण रक्षक त्याच्यासाठी खुर्ची घेऊन उभा होता. तिसऱ्या दिवशी चौघे रक्षक सुतळी घेऊन बसले आणि देवराम त्यांना दुहेरी गाठ शिकवू लागला. चौथ्या दिवशी म्हणे औषधांचं कपाटही तसंच बांधलं गेलं. सकुबाई दारातून बघत राही. इतक्या इंग्रजी बोलणाऱ्या पोरांना वठणीवर आणणारा हा माणूस आपला आहे, याचं तिला बरं वाटे. बाटली मात्र कपाटातच होती, हेही ती विसरत नसे.

आदेश पहिल्या दिवशी लाजेने लाल झाला होता. आता ताट वाढताना तो वाकून म्हणाला, "बाबा, अख्खं जहाज तुमाला सीलवाले काका म्हणतंय. कॅप्टननं पण विचारलं, कोणाचे वडील म्हणून."

"आन वाइन रे?" सकुबाईने विचारलं.

"आई, ड्युटीवर आमाला एक थेंब चालत नाय. मुंबईला उतरल्यावर तीन तास सुट्टी हाय ना. तवा."

शेवटच्या सकाळी बंदराच्या फाटकाबाहेर, एका पिंपळाखाली, सगळे उभे राहिले. साहेब स्वतः बाटली घेऊन आले होते, कारण देवरामने कळवलं होतं की, पंच बदलले तरी चालतील, पण पंचांशिवाय सील उघडता येत नाही. साहेब आणि तरुण रक्षक हे नवे पंच. देवरामने चिठ्ठी मोठ्याने वाचली. सील शाबूत असल्याचं दोघांनी पाहिलं आणि सह्या केल्या. आदेशने पिशवीतून कप काढले. देवरामने सुतळीचा पहिला वेढा कापला. दुसरा कापला.

तिसऱ्याची वेळ आली नाही.

गुळाने पाच दिवस आत काय केलं होतं, ते सगळ्यांना एकदम ऐकू आलं. पिंपळावरचे कावळे उडाले. बूच, फडकं आणि लाख एकत्रच फांदीकडे गेली आणि जांभळी धार साहेबांच्या छातीवर बसली. ती पांढऱ्या गणवेशावरून, सोनेरी बटणांवरून, बाहीच्या टोकाशी आली आणि तिथून थेंब थेंब करत पिंपळाखालच्या मातीत पडली.

सकुबाईने दोन्ही हात जोडले आणि डोळे मिटले.

"अहो, माफी कसली मागता मावशी," चेहरा पुसत साहेब म्हणाले. त्यांनी ओठांवरून जीभ फिरवली. "काय झालीय हो ही!"

बाटलीत निम्मी उरली होती. सकुबाईने पहिला कप आदेशच्या हातात दिला. त्याने एक घोट घेतला, मग दुसरा.

"गूळ टाकलास ना गो?" तो म्हणाला.

देवराम तिथे नव्हता. तो पिंपळाच्या पलीकडे गवतात वाकून काहीतरी शोधत होता. थोड्या वेळाने तो परत आला आणि त्याने हात उघडला. तळव्यावर फडक्यात गुंडाळलेलं बूच होतं आणि त्यावर लाख. सिंह तिन्ही जागेवर होते.

"बगा साहेब," तो म्हणाला, "कुठं तडकलंय का?"